१२ वर्षं झाली म्हणजे जागा बसणाऱ्याची झाली का?

प्रश्नकर्त्यांनी बरंच सविस्तर लिहिलंय. इतरांनाही धागा लागावा म्हणून आधी हकिकत थोडक्यात सांगतो. त्यांच्या वडिलांनी १९९८ साली तालुक्याच्या गावी ४ गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट नोंदणीकृत खरेदीखताने घेतला. नोकरी बाहेरगावी, त्यामुळे प्लॉट उघडा पडू नये म्हणून २००४ च्या सुमारास एका ओळखीच्या माणसाला तिथे पत्र्याची खोली बांधून राखणीसाठी राहायला ठेवलं. लेखी काहीच नाही. २०१९ साली वडील गेले, २०२१ मध्ये तो राखणदारही गेला. आता त्याचा मुलगा म्हणतो, "आम्हाला इथे वीस वर्षं होऊन गेली, १२ वर्षांनी जागा बसणाऱ्याची होते, तुम्ही खुशाल कोर्टात जा." विजेचं मीटर राखणदाराच्या नावावर आहे आणि नगरपंचायतीच्या कर आकारणीच्या उताऱ्यावर भोगवटादार म्हणूनही त्याचंच नाव आहे. शेवटच्या ओळीत जाता जाता असंही लिहिलंय की पूर्वेच्या शेजाऱ्याने २०१५ मध्ये कंपाउंडची भिंत घालताना या प्लॉटमधले ३ फूट आत घेतले, "पण ते किरकोळ आहे." प्रश्न दोन: जागा गेली का? आणि सुट्टीत येऊन जेसीबी लावून खोली पाडली तर चालेल का?

मी २६ वर्षं दिवाणी बाजूची वकिली करतो, बहुतेक तालुका आणि जिल्हा न्यायालयांत. माझं मत आधीच सांगून टाकतो. खोलीची जेवढी भीती तुम्ही घेतली आहे तेवढी घेण्याचं कारण दिसत नाही. ज्या ३ फुटांना तुम्ही किरकोळ म्हणता त्यांची मात्र आजपासून काळजी करा. आणि जेसीबीचा विचार मनातून पूर्ण काढून टाका.

सगळे "किती वर्षं झाली" असं विचारतात. कोर्ट त्याच्या आधी दुसरंच विचारतं: हा माणूस तिथे कोणत्या नात्याने बसला? परवानगीने बसला, भाडेकरू म्हणून बसला, भाऊबंद म्हणून बसला, की मालकाला न जुमानता बसला? नातं ठरल्याशिवाय वर्षं मोजायला सुरुवातच होत नाही.

कायदा असा आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात अनुच्छेद ६५ आहे. मालकीहक्काच्या आधारे स्थावर मिळकतीचा ताबा मागायचा तर समोरच्याचा कब्जा मालकाच्या विरुद्ध झाला त्या दिवसापासून १२ वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. त्याच कायद्याचं कलम २७ त्याहून कठोर आहे. मुदत संपली की फक्त दावा करण्याचा अधिकार जात नाही, मालकीहक्कच संपतो. सरकारी जमिनीसाठी ही मुदत ३० वर्षं आहे. लोकांच्या तोंडी असलेलं "१२ वर्षं" इथून आलेलं आहे आणि ते खोटं नाही. पण "कब्जा मालकाच्या विरुद्ध झाला त्या दिवसापासून" हे शब्द गावगप्पांत गळून जातात आणि नुसती १२ वर्षं उरतात.

विरुद्ध म्हणजे काय? कोर्टाच्या भाषेत प्रतिकूल कब्जा. माणूस उघडपणे, सलगपणे, "ही माझी आहे, तुझी नाही" अशा भावनेने बसलेला हवा, आणि मालकाला ते कळलेलं असावं किंवा डोळे उघडे ठेवले असते तर कळलं असतं इतकं ते उघड हवं. लपूनछपून नको, जबरदस्तीने नको, परवानगीने तर नकोच. २००४ सालच्या कर्नाटक वक्फ बोर्डाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की असा दावा करणाऱ्याने पाच गोष्टी दाखवल्या पाहिजेत. कब्जा कोणत्या तारखेला आला, त्याचं स्वरूप काय होतं, समोरच्याला तो माहीत होता का, तो किती काळ टिकला, आणि तो उघड व विनाअडथळा होता का. हे सिद्ध करण्याची जबाबदारी बसणाऱ्यावर असते, मालकावर नाही. त्याच निकालात असंही म्हटलंय की "मी मालक आहे" आणि "माझा प्रतिकूल कब्जा आहे" ही दोन म्हणणी एकमेकांना छेद देतात. प्रतिकूल कब्जा म्हणायचं तर आधी मालक दुसरा आहे हे कबूल करावं लागतं. तुमच्या राखणदाराचा मुलगा कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, बहुधा दोन्ही लिहील, वडिलांनी तोंडी विकत घेतली होती असंही आणि १२ वर्षं झाली असंही. तसं लिहिलं तर ते तुमच्याच पथ्यावर पडेल. तोंडी खरेदीचं म्हणाल तर १०० रुपयांच्या वरच्या मोलाची जमीन नोंदणीकृत दस्ताशिवाय विकली जात नाही, त्यामुळे त्या बाजूनेही त्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

आता राखणदाराकडे येऊ. परवानगीने बसलेल्या माणसाचा कब्जा कायद्याच्या नजरेत मालकाचाच कब्जा असतो. गोव्यातल्या एका घराच्या वादात, मारिया मार्गारिडा सिक्वेरा फर्नांडिस खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट म्हटलं की राखणदार, नोकर किंवा काळजीवाहक कितीही वर्षं राहिला तरी मिळकतीत त्याला स्वतःचा हक्क मिळत नाही, आणि मालकाने मागितल्यावर त्याने जागा सोडलीच पाहिजे. म्हणून २००४ ते २०२१ ही सतरा वर्षं त्याच्या मुलाच्या खात्यावर धरता येणार नाहीत. अट एकच: राखणीसाठी ठेवलं होतं हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

खरी अडचण इथेच आहे. वडील नाहीत, तो माणूस नाही, कागद नाही. उद्या मुलगा शपथेवर म्हणेल, "माझ्या वडिलांना कोणी ठेवलं नव्हतं, ते स्वतःच्या हिमतीवर येऊन बसले." तेव्हा तुमच्याकडे काय असेल?

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका अशाच कामासाठी आल्या होत्या. त्यांच्याकडेही लेखी काही नव्हतं. मी त्यांना घरी परत पाठवलं आणि सांगितलं की जुनी ट्रंक, पोथ्यांमधले कागद, मिस्टरांच्या डायऱ्या, बँकेची पासबुकं, सगळं उपसा. तीन आठवड्यांनी त्या एक आंतर्देशीय पत्र घेऊन आल्या. कडा तेलकट झालेल्या, घडीवर फाटलेलं, पेन्सिलीने लिहिलेलं. मजकूर चार ओळींचा: पावसाने वरचे दोन पत्रे उडाले, आपली परवानगी असल्यास नवे घालतो, खर्च आपण पाठवाल ही आशा. खाली राखणदाराची सही आणि टपालाचा शिक्का. उलटतपासात ते पत्र त्याच्या मुलाच्या हातात दिलं आणि सही कोणाची असं विचारलं. त्याने बराच वेळ कागद धरून ठेवला आणि म्हणाला, "बापाचीच." "आपली परवानगी असल्यास" या तीन शब्दांवर तो दावा उभा राहिला. वीस वर्षांचा कब्जा होता, मीटर होतं, घरपट्टीच्या पावत्या होत्या. त्यातल्या कशाचाही उपयोग झाला नाही.

तुम्हीही तसंच शोधा. वडिलांनी त्याला मनीऑर्डर केली असेल तर तिची पावती शोधा. एखाद्या दिवाळीला कपड्यांसाठी पैसे दिल्याची डायरीतली नोंदही चालते. पत्र्याची खोली वडिलांच्या पैशाने बांधली असेल तर पत्रे, सिमेंट, गवंड्याचा हिशेब सापडतो का बघा. तेव्हा आसपास राहणारा एखादा म्हातारा शेजारी हयात असेल आणि त्याला माहीत असेल, तर त्याची साक्ष मोलाची आहे, आणि वय लक्षात घेता तिला उशीर करू नका. राखणदाराच्या मुलाशी फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर काही बोलणं झालं असेल तर ते संदेश पुसू नका. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडून ते पुराव्यात देता येतात.

आणखी एक जागा सहसा कोणी पाहत नाही. मीटर आणि उताऱ्यावरच्या नावाला तुम्ही घाबरला आहात. मी म्हणतो, ती नोंद कशाच्या आधारे झाली ते बघा. मीटर घेताना आणि घरपट्टी लावताना त्याने अर्ज दिला असणार, सोबत काहीतरी संमतीपत्र किंवा प्रतिज्ञापत्र जोडलं असणार. माहितीच्या अधिकारात त्या फायलीच्या नकला मागवा. माझ्या दोन कामांत त्या अर्जातच लिहिलेलं सापडलं: "जागा अमुक यांच्या मालकीची असून मी राखणीसाठी राहतो, मालकाची हरकत नाही." तेव्हा मीटर हवं होतं म्हणून खरं लिहिलं गेलं. अशा ठिकाणी लोक सहसा खोटं लिहीत नाहीत, कारण तेव्हा जागा बळकवायचा विचार मनात नसतो. तो नंतर येतो, बहुतेक वेळा पुढच्या पिढीत, जमिनीचे भाव वाढल्यावर.

नोंदींबद्दल एकदाच सांगतो. वीजबिल, घरपट्टीची पावती, आधारवरचा पत्ता, मतदार यादी ही सगळी राहण्याची चिन्हं आहेत, मालकीची नाहीत. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरची फेरफार नोंदही महसुलाच्या सोयीसाठी असते, तिच्याने मालकी जन्माला येत नाही आणि मरतही नाही. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे ती नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरली जाते, म्हणून आपलं नाव तिथे असणं महत्त्वाचं आहे. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला शंका आहे की वडिलांच्या नंतर वारस नोंद झालेली नाही. झाली नसेल तर ते पहिलं काम. वडिलांच्या नावावरचा उतारा घेऊन तुम्ही दावा करू शकता, पण समोरचा वकील पहिल्या तारखेलाच "हे कोण?" असं विचारून वर्ष काढेल.

जाता जाता, प्रश्नाखाली काहींनी "कूळ लागेल" असं म्हटलंय. कूळकायदा वेगळा. तो शेतजमिनीचा आणि कसणाऱ्याचा. १९४८ च्या त्या कायद्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरून कुळांना मालक मानलं गेलं. बिनशेती प्लॉटवरच्या राखणदाराला तो लागू होत नाही. आपल्याकडे कूळ आणि प्रतिकूल कब्जा यांची सरमिसळ फार होते आणि त्यातून मालक विनाकारण तरी घाबरतात किंवा विनाकारण निर्धास्त राहतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्याही सांगायला हव्यात. वडील त्याच्याकडून दरमहा काही रक्कम घेत होते का? अगदी थोडी का होईना? घेत असतील तर तो भाडेकरू असल्याचं म्हणेल आणि १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा मध्ये येईल. मग कारणं वेगळी, दाव्याचं स्वरूप वेगळं. तरीही भाडेकरू घरमालकाच्या विरुद्ध मालकी सांगू शकत नाही, म्हणजे जागा जाण्याची भीती तिथेही नाही, फक्त काढणं अवघड. वडिलांनी कधी विसार घेऊन साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, करून दिलं होतं का? तेही विचारा, कारण अशी माणसं कधीकधी तीस वर्षांनी एखादा स्टॅम्प पेपर काढून दाखवतात. साठेखताखाली घेतलेला ताबासुद्धा मूळ मालकाच्या परवानगीचाच मानतात, पण त्याचे बचाव वेगळे असतात आणि ते तुमच्या वकिलाला आधी माहीत असलेले बरे. तिसरं, तुम्ही एकुलते एक वारस आहात की भाऊबहिणी आहेत? असतील तर सगळ्यांनी मिळून दावा करा.

राखणदाराच्या मुलाने "जागा आमची" असं पहिल्यांदा कधी म्हटलं, ती तारीख लिहून ठेवा. परवानगीचा कब्जा उघडपणे झुगारून दिला त्या दिवसापासून तो विरुद्ध होऊ शकतो आणि १२ वर्षांचं घड्याळ तिथून सुरू झालं असं कोर्ट म्हणू शकतं. म्हणून या बाजूला वेळ भरपूर असली तरी ती वाया घालवू नका.

आता ते ३ फूट. इथे मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण माझ्या अनुभवात जागा अशाच जातात. पत्र्याच्या खोलीतला माणूस डोळ्यांत खुपतो. भिंत खुपत नाही. ती एकदा बांधली, गिलावा झाला, वर वेल चढला की पाहणाऱ्याला वाटतं ती कायमचीच तिथे होती. शेजाऱ्याला तुम्ही परवानगी दिली नव्हती. भिंत उघड आहे, सलग आहे, कोणीही रस्त्यावरून पाहू शकतं. प्रतिकूल कब्ज्याला जे जे लागतं ते जवळजवळ सगळं तिथे आहे. २०१५ ची भिंत असेल तर १२ वर्षं २०२७ मध्ये भरतात. नेमका महिना महत्त्वाचा आहे आणि तो तुम्हाला अजून माहीत नाही.

त्यातही एक बाजू तुमच्या बाजूने आहे. दोघांनाही हद्द नेमकी कुठे आहे हे ठाऊक नसेल आणि शेजाऱ्याने चुकून आपलीच समजून भिंत घातली असेल, तर "दुसऱ्याची आहे हे जाणून, त्याला न जुमानता" ही भावना कुठे होती असा मुद्दा घेता येतो, आणि तो मी घेतलेलाही आहे. पण कोर्ट तो मान्य करेलच अशी खात्री मी देणार नाही. मुदतीच्या आत दावा लावला तर या वादात पडायची गरजच उरत नाही.

या बाबतीत लोक एक चूक करतात आणि ती फार महागात पडते. एका पक्षकाराने शेजाऱ्याला वकिलामार्फत पाचव्या वर्षी नोटीस दिली, नवव्या वर्षी दिली, अकराव्या वर्षी पुन्हा दिली. पोहोच पावत्या व्यवस्थित टाचून ठेवलेली जाडजूड फाईल होती. दरवेळी शेजाऱ्याने गोड बोलून मोजणीनंतर बघू असं सांगितलं. दावा लागला तेराव्या वर्षी. त्यांना मनापासून वाटत होतं की नोटीस दिली म्हणजे मुदत थांबली. नोटिशीने मुदत थांबत नाही. तक्रारअर्जाने थांबत नाही, फेरफारावर हरकत घेतल्याने थांबत नाही, भांडणाने थांबत नाही. दावा दाखल झाला तरच थांबते. उलट त्या तिन्ही नोटिसांनी सिद्ध झालं की अतिक्रमण मालकाला पाचव्या वर्षापासून पक्कं माहीत होतं. निकाल ऐकून त्या गृहस्थांनी फाईल माझ्या टेबलावर ठेवली आणि न बोलता निघून गेले. त्यानंतर हद्दीच्या प्रत्येक कामात मी पहिल्याच भेटीत विचारतो, भिंत कधीची?

म्हणून क्रम असा ठेवा. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज द्या. लगतच्या सगळ्या धारकांना नोटीस जाईल असं पाहा, नाहीतर नंतर "आमच्या पाठीमागे मोजणी केली" असं होतं. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. भूकरमापक खुणा दाखवेल त्या ठिकाणी दगड पुरून घ्या आणि फोटो काढा. मोजणी नकाशाची 'क' प्रत हातात आली की त्यावर अतिक्रमणाचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहिलेलं असेल, आणि तेच क्षेत्र दाव्यात जसंच्या तसं यायला हवं. "अंदाजे ३ फूट" असं लिहून लावलेले दावे मी हरलेले पाहिलेत. भिंतीचा काळ ठरवायला गूगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रहचित्रं पाहता येतात. अमुक चित्रात भिंत नाही, तमुक चित्रात आहे, एवढं कळलं तरी खूप. मोजणीला उशीर लागत असेल आणि मुदत जवळ येत असेल तर मोजणीसाठी थांबू नका. दावा लावा आणि कोर्टाकडून कमिशनर नेमून मोजणी मागून घ्या.

जेसीबीबद्दल विचारलंत. तुम्ही मालक आहात, जागा तुमची आहे, मग आपलीच खोली पाडायला कोणाची परवानगी, हा राग मला समजतो. पण १९६३ च्या विशिष्ट दाद अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे कोणालाही कायदेशीर मार्गाशिवाय ताब्यातून बाहेर काढलं तर तो ६ महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्न विचारलाच जात नाही. त्या निकालावर अपीलही नाही. रामे गौडा विरुद्ध वरदप्पा नायडू या डिसेंबर २००३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की स्थिरावलेला कब्जा असेल तर खऱ्या मालकालाही तो कायद्याच्या मार्गानेच घ्यावा लागतो. म्हणजे तुम्ही खोली पाडाल, तो दावा जिंकेल, तुम्हाला जागा परत द्यावी लागेल, अंगावर फौजदारी येईल, आणि मालकीचा दावा तरीही वेगळा लावावाच लागेल. शिवाय पावसात उघड्यावर आलेल्या बायकापोरांचे फोटो गावभर फिरतील ते वेगळंच. असं करू नका.

स्थिरावलेला कब्जा आणि नुकतीच झालेली घुसखोरी यांत मात्र फरक आहे, आणि ज्यांचे प्लॉट अजून मोकळे आहेत त्यांनी तो लक्षात ठेवावा. कोणी काल रात्री चार बांबू ठोकले असतील तर तो कब्जा नव्हे. त्याच वेळी लोक जमवून त्याला अडवता येतं, खांब काढता येतात, पोलिसांत तक्रार करता येते. महिना दोन महिने गेले, चूल मांडली गेली, की चित्र बदलतं. शेतजमिनीवर असं घडलं तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६ खाली ६ महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे ताबा मागता येतो. वाद हाणामारीपर्यंत गेला असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ खाली, म्हणजे पूर्वीच्या १४५ खाली, कार्यकारी दंडाधिकारी तात्पुरता ताबा कोणाचा हे ठरवू शकतात, पण त्यात २ महिन्यांच्या आत घालवलेला ताबाच पाहिला जातो. तुमच्या प्रकरणात पोलीस फारसे उपयोगाचे नाहीत. ते अदखलपात्र नोंद करतील आणि "दिवाणी न्यायालयात दाद मागावी" अशी समज देतील. त्यांचा दोष नाही, सुरुवात परवानगीने झाली होती.

मग मार्ग काय? राखणदाराच्या मुलाला वकिलामार्फत नोटीस द्या. तिच्यात वडिलांनी २००४ मध्ये राखणीसाठी परवानगीने राहायला दिलं हे स्वच्छ लिहा, ती परवानगी रद्द केल्याचं लिहा, आणि जागा मोकळी करायला वाजवी मुदत द्या. उत्तर येईल ते सांभाळून ठेवा, त्यात तो काय म्हणतो यावर पुढचं बरंच ठरतं. जागा सोडली नाही तर मालकीच्या आधारे ताब्याचा दावा, सोबत ताबा मिळेपर्यंतच्या वापराची नुकसानभरपाई, आणि तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज (कोर्टात त्याला 'निशाणी ५' म्हणतात), जेणेकरून दावा चालू असताना त्याने पक्कं बांधकाम करू नये किंवा जागा तिसऱ्याच्या गळ्यात घालू नये. दाव्याची लिस पेन्डन्सची, म्हणजे या मिळकतीवर दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवून ठेवा. तुम्ही दावा लावण्याआधी तोच कोर्टात जाऊन एकतर्फी मनाई हुकूम घेण्याची शक्यता वाटत असेल तर कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज, दाखल करा, ती ९० दिवस चालते. आणि हो, तोही पहिला दावा लावू शकतो. पूर्वी प्रतिकूल कब्जा ही फक्त बचावाची ढाल मानली जायची. २०१९ मध्ये रविंदर कौर ग्रेवाल खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं की त्या आधारावर स्वतःहून दावाही करता येतो.

ही तरतूदच अन्यायाची आहे असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही एकटे नाही. हेमाजी वाघाजी जाट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये या कायद्यावर कडक शब्दांत टीका करून सरकारला फेरविचार करायला सांगितलं होतं. पण २०२३ च्या २८० व्या अहवालात विधी आयोगाने बदलाची गरज नाही असंच म्हटलं. तेव्हा कायदा आहे तो असा आहे, आणि त्यातच आपल्याला काम करायचंय.

वेळेबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. असा दावा खालच्या कोर्टात पाच-सात वर्षं सहज घेतो, वर अपील वेगळं. म्हणून नोटीस देण्याआधी एकदा स्वतः जाऊन त्या मुलाशी बोला, शक्यतो दोन्ही घरांना ओळखणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्याला सोबत घेऊन. पण तिथे काही सही करू नका आणि "तुमचीच आहे, पण" अशा सुरात एकही वाक्य बोलू नका. त्या मुलाचा जन्म कदाचित त्याच खोलीत झाला असेल. त्याच्या वडिलांनी तुमचा प्लॉट सतरा वर्षं राखला, नाहीतर तिथे आज दुसराच कोणी बंगला बांधून बसला असता. दुसरीकडे बिऱ्हाड मांडायला योग्य रक्कम आणि सहा-आठ महिन्यांची मुदत दिली तर अनेक घरं मान्य करतात. मी लावलेल्या अशा दाव्यांपैकी बरेच शेवटी लोकअदालतीत तडजोडीने संपले. तिथल्या निवाड्यावर अपील होत नाही आणि कोर्ट फी परत मिळते. पैसे एकाच वेळी देऊ नका. काही रक्कम तडजोडीवर सही होताना आणि उरलेली जागेची किल्ली हातात येताना.

शेजाऱ्याशी मात्र गोड बोलण्यात महिने घालवू नका. मोजणीचा अर्ज या सुट्टीतच द्या. राखणदाराच्या मुलाकडे जायच्या आधी द्या. भिंतीचा नेमका महिना कळला की इथेच खाली लिहा, मुदत कधी संपते ते मी मोजून सांगतो.